हव्वाच्या केसांतला तांदूळ

इक्बाल मुकादमांचा होड्यांचा कारखाना म्हणजे हर्णैच्या बंदरावरची एक मोठी उघडी शेड. तिला दार नव्हतं. तरीही हव्वा रोज सकाळी बाहेरच उभी राहायची. मुकादमांनी स्वतः जमिनीवर चुन्याची रेघ मारून दिली होती. रेघेच्या आत येऊन तिनं अवजार उचललं की ते काम झालं, आणि परवानगी नसलेल्या परदेशी माणसाकडून काम करून घेतलं की कारखान्याला टाळं. रेघेबाहेर उभं राहून बोलायला मात्र कायद्याची काही हरकत नव्हती.

म्हणून हव्वा बोलायची.

"रामदासदादा, ती फळी अजून दोन बोटं वाकवा. नाही तं पाणी तिथं अडून राहाते."

रामदास सुतार आधी कुरकुरायचा, मग वाकवायचा. गेल्या तीन वर्षांत त्या शेडमधून निघालेल्या बॅटरीवरच्या होड्या एका चार्जिंगमध्ये पूर्वीपेक्षा चार मैल जास्त जात होत्या. ते चार मैल कुणाचे, हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचं पूर्ण नाव हव्वा दीदी. दीदी हे आडनाव. तिच्या बेटावर अर्धं गाव दीदी होतं. त्या बेटाचं नाव ओळुफारू, हिंदी महासागरातला प्रवाळाचा एक ठिपका. ओळुफारू हा एक छोटासा देश होता, त्याला झेंडा होता, टपालाची तिकिटं होती आणि पासपोर्टही होते. समुद्र वर चढत गेला आणि सहा वर्षांपूर्वी तिथल्या सरकारनं शेवटची सभा एका जहाजावर भरवून स्वतःला बरखास्त केलं. माणसं मिळेल त्या किनाऱ्याला गेली. हव्वाचा पासपोर्ट तिच्या वडिलांच्या कपाटात राहिला आणि कपाट आता तीन पुरुष खोल पाण्याखाली होतं. पासपोर्ट हाती असता, तरी त्याचा उपयोग नव्हता. तो देणारा देशच उरला नव्हता.

हर्णैला ती उतरली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. धक्क्याजवळ रत्नमाला कापगते यांची खानावळ होती. मालाताईंनी तिला पाहिलं, ताट वाढलं आणि दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत गादी टाकली. त्यालाही आता पाच वर्षं आणि चार महिने झाले होते.

मालाताई स्वतःही हर्णैच्या नव्हत्या. माहेर भंडारा जिल्ह्यातलं, साकोलीजवळचं. नवरा दीपगृहावर नोकरीला लागला म्हणून लग्नानंतर त्या समुद्राकाठी आल्या. तो वारल्यावर परत फिरायच्या ऐवजी त्यांनी खानावळ काढली. बाहेर पाटी लावली: 'अस्सल कोकणी थाळी'. मासे बंदरातले, नारळ शेजारच्या वाडीतले. तीस वर्षं लोक तिथला भात हुंगून म्हणत आले होते, ह्या कोकणच्या मातीला वास आहे.

भात मात्र कोकणचा नव्हता. तो मालाताईंच्या भावाच्या बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, चिन्नोर तांदूळ होता, आणि आमटीतली डाळही तिकडचीच लाखोरी. दर तीन महिन्यांनी पार्सलच्या ट्रकनं पोती यायची आणि मालाताई ती मागच्या दारानं आत घेऊन पिंपात ओतायच्या. हे गुपित दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं तर ते एकट्या हव्वाला.

"घरातलं घरात ठेवजो, पोरी," मालाताई तिला पहिल्याच वर्षी म्हणाल्या होत्या. हव्वानं मान हलवली होती.

यंदा नवा नियम आला. ज्यांचा देशच राहिला नाही, ज्यांच्याकडे पासपोर्ट नाही, अशा माणसानं सलग पाच वर्षं एका जिल्ह्यात राहिल्याचं सिद्ध केलं तर त्याला निवासाचा हक्क आणि काम करायची परवानगी मिळणार होती. सिद्ध कशानं करायचं? भाडेकरार नाही, वीजबिल नाही, बँकेचं खातं नाही. या माणसांच्या नावानं कागदाचा कपटाही नसतो.

पण केस असतात.

'केशलेख' नावाचं यंत्र त्याच सुमारास प्रयोगशाळेतून सरकारी कचेऱ्यांत आलं होतं. त्यामागचं विज्ञान तसं जुनंच. पाण्यातला ऑक्सिजन सगळीकडे सारखा नसतो. त्याचे काही अणू किंचित जड, काही हलके. समुद्रावरून निघालेला ढग जमिनीवर शिरला की जड अणूंचं पाणी आधी सांडून मोकळा होतो. म्हणून किनाऱ्यावरचं पाणी जड आणि आत जावं तसं हलकं. अन्नातल्या स्ट्रॉन्शियम या धातूचंही तसंच. तो खडकातून मातीत, मातीतून पिकात आणि पिकातून आपल्यात येतो. कोकणचा काळा बेसाल्ट पृथ्वीच्या हिशेबात अलीकडचा, भंडाऱ्याकडचे खडक त्याच्या कित्येक पट म्हातारे. दोन्हींच्या स्ट्रॉन्शियममध्ये जड-हलक्याचं प्रमाण वेगळं असतं.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि त्या महिन्यात पोटात गेलेलं पाणी नि अन्न आपल्यात कोंडून घेतो. केशलेख लेझरच्या टोकानं केसाचा आतला गाभा मिलिमीटर-मिलिमीटर वाचत जायचं. बाहेरून लागलेलं तेल, साबण, खारा वारा त्याला फसवू शकत नव्हता. हव्वाचे केस कमरेखाली पोहोचत होते. बेट सोडल्यापासून तिनं त्यांना कात्री लावली नव्हती.

"अर्ज कर," मुकादम म्हणाले. "तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय. मुख्य कारागीर म्हणून. मी येतो तुझ्याबरोबर रत्नागिरीला."

रत्नागिरीच्या निवास केंद्रात तपासणी अधिकारी होत्या अस्मिता शिवलकर. चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी हव्वाच्या मानेवरून केसांची एक बारीक बट कापली, यंत्रात ठेवली आणि पाऊण तासानं पडदा तिच्याकडे फिरवला. मुकादम मागच्या खुर्चीत बसून बघत होते.

पडद्यावर दोन रेघा होत्या. निळी पाण्याची, तांबडी अन्नाची.

"हे डावीकडचं टोक म्हणजे सगळ्यात जुना केस," शिवलकर म्हणाल्या. "हे तुमचं बेट. प्रवाळाची जमीन, पावसाचं साठवलेलं पाणी. इथं बघा, निळी रेघ वर चढतेय. टाकीत समुद्राचं पाणी शिरायला लागलं होतं का?"

हव्वा पडद्याच्या अगदी जवळ गेली. "होय जी. त्या वर्षी बाबांनी टाकी तीनदा धुतली. मग सोडून दिली."

आईवडिलांचा एक फोटोसुद्धा तिच्याकडे नव्हता. तिनं त्या चढावरून सावकाश बोट फिरवलं. शिवलकरांनी घाई केली नाही.

"पुढे जहाजाचे दोन महिने. आणि इथून पुढे निळी रेघ हर्णैची, पाच वर्षं चार महिने. अगदी स्वच्छ." त्या थांबल्या. "अडचण तांबड्या रेघेची आहे."

तांबडी रेघ कोकणच्या पट्ट्यात नव्हतीच. ती कितीतरी वर, पडद्याच्या माथ्याजवळ चालली होती.

"हे अन्न इकडचं नाही. असे खडक या जिल्ह्यात नाहीत. यंत्र भंडारा-गोंदिया दाखवतंय. दोन्ही खुणा एकाच जिल्ह्याच्या असायला हव्यात, असा नियम आहे. कारण काही लोक किनाऱ्यावरचं पाणी टँकरनं मागवून पितात आणि राहतात भलतीकडेच." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही भात कुठला खाता?"

हव्वाच्या ओठांवर उत्तर आलं. एका वाक्याचं काम होतं. पण तिच्यासमोर ती पाटी आली, तीस वर्षांची, आणि दुपारी बाकांवर दाटीवाटीनं बसणारी माणसं.

"खानावळीतला," ती म्हणाली.

"खानावळीत तो कुठून येतो?"

हव्वानं पडद्यावरची नजर काढून घेतली.

"आणखी एक विचारते. तुमची मराठी हर्णैची नाही. 'होय जी' म्हणता. माझी मावशी साकोलीला दिली आहे. ती अस्संच बोलते. ही भाषा कुठं शिकलात?"

यालाही उत्तर होतं. मालाताईंच्या चुलीपाशी शिकली होती ती. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर दडवून दुसऱ्याचं देता येत नव्हतं.

शिवलकरांनी उसासा टाकला. "पंधरा दिवसांत खुलासा आणा. नाहीतर मला अर्ज फेटाळावा लागेल. पुढची तीन वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही आणि तोवर तुम्हाला पूर्व किनाऱ्यावरच्या छावणीत राहावं लागेल."

परतीच्या बसमध्ये मुकादमांनी तिला चारदा विचारलं, तू बोलली का नाहीस? तिनं खिडकीबाहेर बघत एवढंच सांगितलं, "दुसऱ्याचं हाय ते, चाचा. माझं नाही."

मुकादमांना काही कळलं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी हव्वा बाजाराला गेलेली बघून ते खानावळीत गेले आणि त्यांनी मालाताईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. "मशीन बिघडलंय बघा, वहिनी. म्हणे ही पोरगी भंडाऱ्याचं अन्न खाते. आणि हीसुद्धा अशी वेडी, भात कुठला म्हणून विचारलं तर तोंड मिटून बसली."

मालाताई कांदा चिरत होत्या. विळीवरचा हात थांबला.

"काय विचारलं म्हणता?"

"भात कुठला."

"आन ती बोलली नाही?"

"एक अक्षर नाही."

मालाताईंनी विळी बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि मुकादमांना तिथंच सोडून त्या मागच्या अंगणात जाऊन बसल्या. हव्वा पिशव्या घेऊन आली तरी तिथंच होत्या. मनातून हलल्या की त्यांच्या तोंडी थेट माहेरची बोली यायची.

"काहून गं? तुले सांगता नाही आलं?"

हव्वाला लगेच कळलं. तिनं पिशव्या खाली ठेवल्या. "तुम्हीच म्हटलं होतं ना ताई, घरातलं घरात."

"अवो माय, ते तांदळाचं म्हटलं होतं मी. तुले छावणीत धाडाचं नाही म्हटलं."

"लोक यायचे बंद झाले तं? तुमचं एवढं उभं केलेलं."

मालाताईंनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. पाच वर्षांत दोघी एका ताटात जेवल्या नाहीत असा दिवस विरळाच. आपण हिला आसरा दिला असं मालाताई इतके दिवस समजत होत्या. आता त्यांना वाटलं, ही तर माझी पाटी डोक्यावर घेऊन उन्हात उभी राहिली.

"पाटी मी लिवली. मीच पुसीन," त्या म्हणाल्या. "तू आता डाळ टाक शिजाले. आज गर्दी होईल."

दुपारी बाकं भरली. पहिला भात वाढून झाल्यावर मालाताई मध्ये उभ्या राहिल्या. हातात डाव तसाच.

"जेवता जेवता ऐका. तुम्ही खाता तो भात कोकणचा नाही. कधीच नव्हता. भंडाऱ्याचा आहे, माझ्या भावाच्या शेतातला. डाळपण तिकडचीच. तीस वर्षं मी तुम्हाला खोटं सांगितलं. कोकणात भंडाऱ्याच्या बाईची खानावळ कोण चालू देईल, असं वाटलं होतं सुरुवातीला. मग सांगायचं राहूनच गेलं. आता ज्याला उठायचं त्यानं उठा."

कुणी उठलं नाही. रामदास सुताराचा घास हातातच राहिला होता. त्यानं तो हुंगला.

"म्हणजे माझ्या बायकोला मी वीस वर्षं सांगतोय, तुला कोकणी भात करता येत नाही, तिच्याकडे शीक."

"होय."

"आता घरी काय सांगू?"

बाकावरून कुणीतरी खुसखुसलं आणि मग सगळी खानावळ हसायला लागली. रामदासही हसला, पण जरा उशिरा. होडी चालवणारा एक म्हातारा तांडेल मात्र गंभीरपणे म्हणाला, "उद्यापासून कोकणचा घालू नका हं, मालाताई. मी दुसरीकडे जाईन."

मग मुकादमांनी हव्वाचं प्रकरण सांगितलं. हव्वा स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. सगळं ऐकून तांडेलानं पान उचललं. "मग त्यात काय. तिच्या केसांत भंडारा आहे तर आमच्याही असेलच की थोडाफार. द्या कात्री."

चौथ्या दिवशी शिवलकरांच्या कचेरीत खानावळीतली अकरा माणसं हजर झाली. शिवलकरांनी आधी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं, बराच वेळ चाळलं आणि एका ओळीवर पट्टी ठेवली. खुणा जुळत नसल्यास त्याच घरात राहणाऱ्या व्यक्तीच्या केसांशी तुलना करता येईल, असं तिथं होतं. आजवर कुणी वापरलं नव्हतं.

"घरातल्या तुम्ही एकट्या," त्या मालाताईंना म्हणाल्या. "बाकीच्यांची तशी गरज नाही."

"आम्ही सकाळच्या एसटीनं आलोय," तांडेल म्हणाला. शिवलकरांनी बाकीच्यांचेही केस घेतले. मुकादमांच्या डोक्यावर केस नव्हते, त्यांनी दाढी पुढे केली.

मालाताईंचा पांढरा अंबाडा सुटला तेव्हा केस पाठभर आले. त्यांची रेघ पडद्यावर उमटली आणि शिवलकरांनी ती हव्वाच्या रेघेवर सरकवली. दोन रेघांची एक झाली. पाच वर्षं, महिन्यामागून महिना, एकाच उंचीवर. मग शिवलकर पुढे झुकल्या.

"इथं काय झालं होतं? चार वर्षांपूर्वी, भाद्रपदाच्या सुमारास. दोघींचीही रेघ एकदम खाली पडलीय. दीड महिना. तिथं अन्न कोकणचंच आहे."

मालाताईंनी जरा आठवलं. "त्याच्या आदल्या साली भावाच्या धानाला तुडतुड्याची कीड लागली होती, तांदूळ लवकर सरला. पोती आली नाहीत. दापोलीच्या बाजारातून तांदूळ आणला आम्ही. लोकांनी भात टाकला पानात."

"म्हटलंच होतं मी तेव्हा," रामदास म्हणाला, "की भात बिघडलाय."

बाकीच्यांच्या रेघा त्यांच्या केसांसारख्याच आखूड होत्या, आणि अर्ध्या उंचीवर, कारण त्यांचं रात्रीचं जेवण घरी व्हायचं. पण रेघा त्याच होत्या. शिवलकर खुर्चीत मागे टेकल्या. यंत्र आल्यापासून त्यांनी चारशे माणसांच्या रेघा पाहिल्या होत्या. प्रत्येकाची एकट्याची. एकत्र जेवणाऱ्या माणसांची पंगतच्या पंगत पडद्यावर बसलेली त्या पहिल्यांदा बघत होत्या.

"एका चुलीवरचं आहे हे," त्या म्हणाल्या. "मला आणखी पुरावा नको."

त्यांनी अर्ज पुढे ओढला. "पत्ता?"

"कापगते यांची खानावळ, हर्णै," हव्वा म्हणाली.

"व्यवसाय?"

हव्वानं मुकादमांकडे पाहिलं. त्यांनी दाढीवर हात फिरवत मान हलवली.

"होड्या बांधते," ती म्हणाली. हे वाक्य तिनं मराठीत आजवर कधी उच्चारलं नव्हतं. तिनं ते पुन्हा एकदा, नीट म्हटलं.

शिक्का बसला. कार्ड हातात आलं तेव्हा ते छपाईच्या यंत्रातून नुकतंच निघाल्यानं गरम होतं. हव्वानं ते दोन्ही तळहातांत धरलं. मालाताईंनी शिवलकरांना जेवायला यायचं आमंत्रण दिलं, आणि शिवलकर ते कसं नियमात बसत नाही हे सांगायला लागल्या तेव्हा मालाताई म्हणाल्या, "मग तुमच्या साकोलीच्या मावशीला धाडा. ते बसते का?"

शिवलकर पहिल्यांदाच मोकळं हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हव्वा मुकादमांच्या शेडमध्ये गेली, रेघ ओलांडून, सरळ होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी. तिनं वाकस उचललं आणि फळीची कड तासायला लागली. संध्याकाळी तिच्या हाताला फोड आले होते आणि ती ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवत होती. आषाढ लागला, मासेमारी बंद झाली, तोवर तिनं पहिल्या होडीचा सांगाडा उभा केला. मग मुकादमांकडून आठ दिवसांची रजा घेतली. रजा घेता येणं हीसुद्धा नवीच चैन होती.

कार्ड असलेल्या माणसाला देशभर कुठंही जाता येत होतं. ती आणि मालाताई रेल्वेनं निघाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून हव्वा खिडकीला चिकटली होती. मैलोन्‌मैल जमीन, आणि कुठल्याच बाजूला समुद्र नाही. एवढी जमीन असते हे तिला खरं वाटेना. "ही संपते कुठं?" तिनं दोनदा विचारलं.

मालाताईंचा भाऊ गोवर्धन बांधीतच होता. रोवणी जोरात चालली होती. गुडघाभर चिखलात दहा-बारा बाया ओळीनं वाकून धानाची रोपं लावत होत्या आणि कुणीतरी गाणं धरलं होतं. बहिणीला बघून तो बांधावर आला. हव्वाला पाहून त्यानं हात जोडले. फोनवर त्याला सगळी हकीकत कळली होती, पण विज्ञान काही नीट उमगलं नव्हतं.

"ताई, मशीननं काय म्हटलं ते एकडाव सांग बरं. आपल्या या बांधीतली माती हिच्या केसांत हाय म्हंते?"

"हो रे. पाच वर्षांची."

गोवर्धननं बांधीकडे पाहिलं, मग हव्वाकडे. मागून त्याची बायको पितळी तांब्यातून पाणी घेऊन येत होती, पाहुणीच्या पायांवर घालायला. त्यानं तिला हातानं थांबवलं.

"तांब्या ठेव. पाहुनी कायची ते, घरचीच हाय." त्यानं रोपांची एक जुडी उचलून हव्वाच्या हातात दिली. "चाल माय, उतर. लई रोवणी बाकी हाय."

हव्वानं केसांचा आवळून अंबाडा बांधला, साडी वर खोचली आणि चिखलात पाय टाकला. बायांनी सरकून ओळीत जागा केली. पहिलं रोप तिनं उथळ लावलं, ते कलंडलं. शेजारच्या बाईनं तिचा अंगठा धरून खोल कसा दाबायचा ते दाखवलं. दुसरं रोप उभं राहिलं.